जीपची वाटी

"फेल आहे, मावशी," असं म्हणून सुयोग दोन पावलं मागे सरकला.

अंधेरीच्या त्या पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात सुयोगची पीयूसीची गाडी उभी असते. कुणाच्याही सायलेन्सरमध्ये नळी खुपसायची, मशीनवरचा आकडा वाचायचा, पास की फेल ते सांगायचं, एवढंच त्याचं काम. फेल म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात, शिव्या पुटपुटतात, निघून जातात. पण कमळ नाखवीण पुटपुटणाऱ्यांतली नव्हे. ती जीपमधून खाली उतरली. साडीचा पदर कमरेला खोचलेला, केसांत अबोलीची वेणी, पायात मुलाचे जुने बूट. साठीला टेकलेली बाई, पण चाल अशी की पंपावर हवा भरणाराही हातातलं काम थांबवून बघायला लागला.

"मागच्या वेळी फेल, आज पण फेल! तुझं मशीन मागच्या जन्मी शाळामास्तर होतं काय रे?"

"मावशी, मशीन काय करणार? पेट्रोल नीट जळत नाहीये. हवा कमी जाते आत, पेट्रोल जास्त. म्हणून काळा धूर. आणि वास बघा ना कसला येतोय. कोणीतरी भजी तळल्यासारखा."

"भजी? माझ्या नवऱ्याची गाडी आहे ती! तुझ्या बापाच्या वयाची! तिला भजी म्हणतोस?"

मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. कमळने नुसतं वळून पाहिलं. त्याने रिक्षा मुकाट्याने रिव्हर्समध्ये टाकली आणि दुसऱ्या पंपाकडे निघून गेला.

आता कमळचा राग म्हणजे काय ते वेसाव्यात कुणालाही विचारा. कोळीवाड्यात रागीट बायकांचा तोटा नाही, बाजारात बसायचं म्हणजे तोंड चालावंच लागतं. पण कमळचं तसं नव्हतं. तिचा आवाज तिच्या गल्लीत सुरू झाला की बंदरावर जाळं विणणारे म्हणत, आज कुणाची वाट लागली रे? घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातातला पापलेट हिसकावून परत टोपलीत टाकणारी बाई ती. घरासमोरच्या अंगणात तिने पांढरी फरशी बसवून घेतली होती, ती रोज घासायची, आणि त्या फरशीवर चप्पल घालून पाय ठेवायची हिंमत पोस्टमनचीसुद्धा नव्हती. अख्खी गल्ली चपला दाराबाहेर काढून तिच्याकडे यायची. मनाने वाईट नव्हती हो. कुणाच्या घरी आजारपण आलं की पहिला डबा हिचाच जायचा. पण तो डबा देतानाही ओरडून द्यायची.

आणि ही जीप. तिच्या नवऱ्याने, धोंडूने, लग्नानंतर काही वर्षांनी लष्कराच्या लिलावातून आणलेली, जुनी, पेट्रोलवर चालणारी, चारही चाकांनी ओढणारी जीप. ओहोटीला पुळणीवर उतरवायची, बंदरातून म्हावऱ्याचे क्रेट आणि बर्फ वाहून आणायचा, पावसाळ्याआधी लहान होड्या दोरखंड बांधून वर खेचायच्या. सगळ्या वेसाव्याच्या होड्या तिने ओढल्या असतील. धोंडूने कमळला चालवायलाही तिच्यावरच शिकवलं होतं, ओहोटीच्या ओल्या वाळूत. शिकवणारा तो आणि ओरडणारी ती. क्लच सोडताना गाडीने गचका दिला की ती म्हणायची, तू नीट सांगितलं नाहीस. धोंडू हसायचा आणि पुन्हा सांगायचा. हसण्यापलीकडे त्या माणसाने तिला कधी उलट उत्तर दिलं नाही.

करोनाच्या आदल्या वर्षी धोंडू गेला, झोपेत, कुणाला काही न सांगता. घरात त्याची खुर्ची राहिली, हार घातलेला फोटो राहिला. पण त्याच्या मागे आवाज करणारी अशी एकच गोष्ट उरली होती, ती जीप. सकाळी ती चालू झाली की कमळला वाटायचं, घरात पुरुषमाणूस खाकरलं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पण म्हणून तर एवढा जीव होता.

त्या संध्याकाळी घरी आली, तर अंगणात बळवंत बसलेला आणि त्याच्याशेजारी कडक इस्त्रीच्या शर्टातला एक अनोळखी माणूस. बळवंत तिचा धाकटा दीर. ती लग्न करून आली तेव्हा तो चड्डीतला पोर होता, म्हणून तिच्यासाठी तो आजही बळवंताच. बाहेरचा माणूस जुहूच्या एका हॉटेलाकडून आला होता.

"मॅडम, आपली जीप फोटोत बघितली, एकदम झकास!" तो म्हणाला. "आम्ही एंट्रन्सला ठेवू. नवा रंग मारू, सीटवर फुलझाडं लावू. गेस्ट येऊन सेल्फी काढतील. इंजिन वगैरे आम्हाला नको, ते काढून टाकू."

"काढून टाकू?" कमळ म्हणाली. आवाज अजून खाली होता. बळवंतला तेवढ्यानेच घाम फुटला.

"वहिनी, ऐकून तर घे," तो म्हणाला. "महिनाअखेरला नोंदणी संपते. पीयूसी नाही तर तपासणी नाही, तपासणी नाही तर गाडी रस्त्यावर काढता येणार नाही. मग काय, भंगारातच ना? त्यापेक्षा कुणाच्या दारात उभी राहिली तर डोळ्यांसमोर तरी राहील."

"आये, ट्रॅक्टर घेऊया ना आपण," विकी आतून म्हणाला. तिचा मुलगा, नुकतं लग्न झालेला, रोज मेट्रोने ऑफिसला जाणारा. "सगळे ट्रॅक्टरच वापरतात आता."

झालं. कमळच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "फुलझाडं लावणार? धोंडूच्या सीटवर मोगरा लावणार? अरे, तुमच्या हॉटेलात मी म्हावरं पण विकणार नाही, कुत्र्याला घालीन! आणि तू रे बळवंता, भावाची गाडी विकायला गिऱ्हाईक घेऊन येतोस? लाज कशी वाटत नाही?"

एव्हाना गल्लीतले पाच-पंचवीस जण कुंपणाबाहेर जमले होते. ते दिसल्यावर ती अजून चढली, आणि मग तोंडातून ते निघालं. "शनिवारी परत नेते पीयूसीला. परत फेल झाली ना, तर मी स्वतः दोरखंड बांधून जुहूला आणून उभी करते. आणि तुमची झाडं पण मीच लावते!"

हॉटेलवाल्याला हे एवढंच हवं होतं. तो हात जोडून खुशीत निघून गेला. कोळीवाड्यात चारचौघांत उच्चारलेला शब्द मागे घेता येत नाही, आणि कमळला तर कधीच घेता आला नव्हता. त्या रात्री ती जेवली नाही. भांडी मात्र अशी आपटली की शेजाऱ्यांनाही झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती जीप घेऊन ओशिवऱ्याला श्यामसुंदरच्या गॅरेजमध्ये गेली. श्यामसुंदर जुन्या गाड्यांचा मेकॅनिक, धोंडूच्या ओळखीचा. त्याने बॉनेट उघडलं, कार्बोरेटर खोलला, साफ केला, प्लग बदलले, टायमिंग तपासलं. मग इंजिनच्या बाजूला असलेल्या गोल डब्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ताई, एअर फिल्टर उघडून बघू का?"

"त्या वाटीला हात लावलास तर बघ!" कमळ कडाडली. "अख्खी गाडी पडलीय तुला हात लावायला. ती सोडून काय ते कर."

श्यामसुंदरने हात वर केले. त्या डब्यावर हळदकुंकू होतं, लाल धागा गुंडाळलेला होता, झाकणावर सुकलेल्या फुलांचा चुरा होता. देवाच्या गोष्टीत कोण पडणार?

ही वाटी म्हणजे काय, ते सांगायला हवं. जुन्या जीपला कागदाचा फिल्टर नसतो. एका गोल डब्यात तळाला वाटी असते, वाटीत तेल असतं, वर जाळी. बाहेरची हवा त्या तेलावरून जाते, वाळू आणि धूळ तेलात चिकटून राहते आणि स्वच्छ हवा इंजिनात शिरते. पुळणीवर चालणाऱ्या गाडीला तर ही वाटी म्हणजे नाकच. धोंडूने कमळला एकदाच सांगितलं होतं, "ही गाडीची वाटी. गाडी इथून श्वास घेते."

दरवर्षी नारळी पुनवेला दर्याला नारळ वाहून घरी आले की धोंडू जीपची पूजा करायचा. कमळ आरतीचं ताट घेऊन उभी राहायची, आणि धोंडू वाटीचं झाकण उघडून पितळेच्या लोटीतून तेल ओतायचा. सगळे हात जोडायचे. मग नारळीभात. अशी कितीतरी वर्षं गेली. धोंडू गेल्यावर पहिल्या पुनवेला कमळने ती लोटी हातात घेतली आणि सांगून टाकलं, यापुढे हे माझं काम. नारळाचा सण, तर तेलही नारळाचंच, असं तिने मानलं. लोटीभर खोबरेल ओतलं, मग घरातल्या प्रत्येकाने एकेक पळी ओतली, झाकण लावलं, धागा बांधला. "वर्षभर याला कुणी हात लावायचा नाही," तिने सांगितलं. आणि कमळने सांगितलं म्हणजे नाहीच लावायचा. गेल्या श्रावणात विकीची नवी बायकोही पळी घेऊन रांगेत उभी होती.

तर श्यामसुंदरने बाकी सगळं ठीकठाक केलं आणि गाडी चालू केली. इंजिन असं सुरात आलं की कमळचं तोंड पहिल्यांदा सैल झालं. धूर नाही, खोकला नाही. घरापर्यंत गाडी मजेत आली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, थंडीत, बंदरावर न्यायला चालू केली तर पुन्हा तेच! भकभक काळा धूर, इंजिन घुसमटतंय, आणि थोडं तापल्यावर तो मेला भज्यांचा वास. कमळने श्यामसुंदरला फोन लावून असं काही सुनावलं की बिचाऱ्याने फोन कानापासून लांब धरला. तो दुपारी स्वतः वेसाव्याला आला. गाडी चालू केली. छान चालली.

"ताई, काहीच नाही हो हिला. बघा ना."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"तसं नाही..."

"मग कसं? सकाळी मरायला टेकते आणि तू आलास की नवरीसारखी चालते! पैसे घेऊन जादू करतोस काय?"

मग तिने सगळ्यांना धारेवर धरलं. पेट्रोलात भेसळ आहे म्हणून पंपवाल्याला. विकीने सकाळी पाणी मारून धुतली म्हणून विकीला. समुद्राच्या दमट हवेला. हॉटेलवाल्याची नजर लागली म्हणून त्या हॉटेलवाल्याला. बळवंत समोर आला की त्याला तर विनाकारण. तो बिचारा मूग गिळून गप्प बसायचा, काहीतरी सांगायला तोंड उघडायचा आणि परत मिटायचा. हे तिच्या लक्षात आलं नाही असं नाही. तिला वाटलं, हा जुहूच्या सौद्याबद्दलच बोलणार. म्हणून ती त्याला बोलूच देत नव्हती.

शुक्रवार उजाडला. दुसऱ्या दिवशी पीयूसी. मुंबईला जेवढी थंडी पडते तेवढी त्या सकाळी पडली होती. कमळ डोक्यावरून आंघोळ करून आली, केसांना लावायला खोबरेलाची बाटली घेतली आणि उपडी केली. थेंब पडेना. तेल थिजून पांढरंफटक झालेलं. "तुझा पण आजच जीव जातोय काय?" असं म्हणून तिने बाटली ओटीवर उन्हात नेऊन आपटली, आणि केस पिंजारलेल्या अवस्थेत तिच्याकडे बघत उभी राहिली.

ऊन ओटीवर आलेलं होतं. थोड्या वेळाने बाटलीच्या कडेने तेल सुटायला लागलं. मधला पांढरा गोळा हळूहळू लहान झाला. आणि ओटीच्या पलीकडे, कुंपणाजवळ, जिथे दुपारपर्यंत ऊन पोचत नाही, तिथे जीप उभी होती.

सकाळी घुसमट. दुपारी ठणठणीत. कमळने बाटली बघितली, जीप बघितली, परत बाटली बघितली.

ती तशीच, ओल्या केसांनी, बॉनेटपाशी गेली. आधी वाटीला हात जोडले. मग स्वतःचाच राग आला, आणि तिने दातांनी धागा तोडला. क्लिपा गंजलेल्या होत्या, त्या पान्याच्या दांड्याने ठोकून सोडवल्या आणि वाटी दोन्ही हातांनी बाहेर ओढली. काठोकाठ भरलेली. वर तुपासारखा पांढरा थर, त्यात वाळू, झेंडूच्या पाकळ्या, एक मेलेली माशी. वरची जाळीही त्याच पांढऱ्या गोळ्याने बुजलेली, बोट घालायला जागा नाही. इतक्या वर्षांचं सगळं तेल, एकावर एक. गाडीच्या नाकात तिने दरवर्षी हात जोडून बोळा कोंबला होता.

"वहिनी!"

बळवंत फाटकातून आत येत होता. चपला बाहेर काढलेल्या. त्याने वाटी बघितली, आणि लगेच वळला, पाण्याच्या पिंपामागून पत्र्याचा डबा आणि गोणपाट घेऊन आला. "दे इकडे. मी बाहेर नेऊन ओततो."

"बाहेर कशाला?"

"फरशीवर सांडेल. तू ओरडशील. दादा पण बाहेरच न्यायचा."

कमळने वाटी सोडली नाही. "काय न्यायचा दादा बाहेर?"

बळवंतच्या लक्षात आलं की आता सुटका नाही. तो गोणपाट हातात घेऊन तसाच उभा राहिला. "जुनं तेल. पुनवेच्या आदल्या दिवशी, तू बाजारात गेलीस की. वाटी काढायची, जुनं ओतून टाकायचं, गाळ खरवडायचा, जाळी रॉकेलमध्ये धुवायची. डबा मी धरायचो. दुसऱ्या दिवशी पूजेला नवं तेल. आणि ते इंजिनचं तेल असायचं, वहिनी. लोटीत काय आहे ते तू कधी बघितलंच नाहीस."

"मला का नाही सांगितलं त्याने?"

"सांगायचा नाही."

"का?"

"तू फरशी बसवलीस ते वर्ष आठव. त्याच्या हातातून वाटी निसटली. काळं तेल सांडलं, इथेच. ते कुठलं, कशाचं, विचारलंही नाहीस, घर डोक्यावर घेतलंस. सणाला नारळीभात केला नाहीस. दादाने रात्री गुडघ्यावर बसून फरशी घासली. तेव्हापासून म्हणाला, बळवंता, ही कामं हिच्या माघारी. डोक्याला ताप नको."

कमळ एक पाऊल पुढे आली. "आणि तू? मी दरवर्षी ओतत होते, आणि तू माझ्या बाजूला हात जोडून उभा होतास! सगळं माहीत असून!"

"पहिल्या वर्षी तू रडत ओतत होतीस. तेव्हा काय सांगू? दुसऱ्या वर्षी मी म्हणालो, वहिनी, आधी जुनं तेल... एवढंच म्हणालो. तू म्हणालीस, माझ्या नवऱ्याची गाडी मला शिकवतोस? लोक हसले. मग मी गप्प बसलो."

"गुपचूप काढायचंस ना मग! भावासारखं!"

"तू धागा बांधलास," बळवंत म्हणाला.

एवढं साधं उत्तर. त्याच्यावर ओरडायला कमळने छातीत श्वास भरून घेतला होता, तो तिथेच अडकला. मेला, एवढा मोठा झालेला पुरुष, नातवंडांचा आजोबा, आणि तिच्या अंगणात अनवाणी उभा, हातात गोणपाट, तिची फरशी खराब होऊ नये म्हणून. संताप आला तिला. त्याचा आला, धोंडूचा आला, आणि आणखी कुणाचा आला ते तिला नीट कळेना, म्हणून तो अजूनच वाढला.

"इथे ओत," ती म्हणाली.

"वहिनी, फरशी..."

"इथे ओत म्हणते ना! माझ्या डोळ्यांसमोर! काय काय माझ्या माघारी करता ते बघू दे मला एकदा!"

बळवंतने वाटी उलटी केली. पांढरा गोळा धपकन पडला. त्याच्यामागून आलं ते काळं, दाट, वाळूने कचकचणारं. तळाचा गाळ. धोंडूच्या हातचं शेवटचं तेल, तिच्या खोबरेलाखाली इतकी वर्षं बसलेलं. पांढऱ्या फरशीवर ते हळूहळू पसरत गेलं, आणि कमळ खाली बसून त्याच्याकडे बघत राहिली. एक बोट बुडवलं. बोटावरची वाळू अंगठ्याने चोळून बघितली. मग ते बोट साडीला पुसलं, नवीन साडी होती तरी.

दोघांनी मिळून जाळी धुतली. बळवंत दुकानातून इंजिनचं तेल घेऊन आला. कमळने पितळेची लोटी आणली, तेल तिच्यात घेतलं आणि वाटीत ओतायला लागली. सवयीचा हात, तो थांबेना.

"बस!" बळवंत ओरडला. खरंच ओरडला. "बस, वहिनी! आत रेघ आहे ती दिसत नाही? तिच्यावर थेंब गेला नाही पाहिजे."

कमळने मान वर केली. खाऊ की गिळू असं बघितलं त्याच्याकडे. बळवंतने या खेपेला डोळे खाली घातले नाहीत. तिने लोटी सरळ केली. रेघ होती. वाटीच्या आत, बोटभर उंचीवर, ठळक. तिला कधीच दिसली नव्हती, कारण तिने वाटी कधी रिकामी बघितली नव्हती.

शनिवारी सकाळी, आदल्या दिवसापेक्षा जास्त थंडीत, जीप एका झटक्यात चालू झाली. पंपावर सुयोगने सायलेन्सरमध्ये नळी घातली, मशीनकडे बघितलं, परत बघितलं. कमळ स्टिअरिंग आवळून समोर बघत बसली होती.

सुयोग जरा लांबूनच म्हणाला, "मावशी... पास आहे."

"मग तिकडून काय सांगतोस? जवळ येऊन सांग ना! पासच आहे ना? मी खाते काय तुला?"

तो जवळ आला आणि कागद लांबलचक हात करून तिला दिला. तिने तो हात बघितला. सगळा सरळ केलेला, माणूस जितका लांब राहील तितका. असाच बळवंत तिला भाजीची पिशवी देतो. असाच विकी फोन देतो. धोंडू चहाचा रिकामा कप असाच पुढे करायचा.

परतीच्या वाटेवर सात बंगल्याच्या सिग्नलला जीप उभी राहिली आणि कमळने शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून तोंड सोडलं. "मेल्या, एवढा घाबरायचास तर संसार कशाला केलास माझ्याशी? ओरडले असते. दोन दिवस ओरडले असते, भात केला नसता, उपाशी मेला असतास काय? सांगायचंस ना! तिसऱ्या दिवशी शिकले असते मी. तू हसत बसलास. आयुष्यभर हसत बसलास आणि माझ्या माघारी गाळ काढत बसलास. आता कुणाशी भांडू मी, सांग ना! कुणाशी भांडू?" बाजूच्या स्कूटरवरच्या मुलीने हेल्मेटची काच वर करून बघितलं. सिग्नल हिरवा झाला. कमळने पदराने तोंड खसाखसा पुसलं आणि क्लच सोडला. गचका न देता.

घरी आली तर बळवंत अंगणात गुडघ्यावर बसलेला. हातात ब्रश, शेजारी साबणाची बादली. काळ्या डागाची एक कड त्याने घासून घासून फिकी केली होती. गाडीचा आवाज ऐकून तो घाईने उठला. "निघेल, वहिनी. अजून थोडं ॲसिड मारलं की..."

"हात लावलास त्या डागाला तर बघ!" ती फाटकातूनच गरजली. "पास झाली गाडी. ठेव तो ब्रश. ठेव म्हणते ना!"

तिने बादली उचलली आणि साबणाचं पाणी गटारात भिरकावलं. मग आत जाऊन नारळीभात केला, पौष महिन्यात, कुठलाच सण नसताना, आणि बळवंतला ओरडून ओरडून दोनदा वाढला.

तो डाग अजून आहे. फाटकातून आत आलं की समोरच, टोपलीएवढा, कडेला एक बाजू फिकी. गल्लीतली माणसं अजूनही चपला बाहेर काढूनच येतात, आणि डागाला वळसा घालून ओटीवर जातात. मग आतून कमळचा आवाज येतो, बंदरापर्यंत ऐकू जाईल असा.

"अरे, वळसा काय घालता? पाय ठेवा की त्याच्यावर! फरशीच आहे ती!"